साडेदहाला धडधाकट

माझ्या आत्यावर अन्याय झाला. गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, आमच्या बौद्धवाडीतल्या विहाराच्या सभागृहात, सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत. तिला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही, दारातून हाकललं नाही. तिला धडधाकट ठरवलं.

हसू नका. पुढे वाचा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, माहेरी आली ती कायमची. मला तिनेच वाढवलं. आई-बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. कर्जतहून कोंडाण्याकडे जाताना डाव्या हाताला वाडी लागते, तिच्यातलं शेवटचं घर आमचं. तेव्हा मी कर्जतला एका छपाईच्या दुकानात काम करत होते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं हे मालकाचं काम. पत्रकं हे माझं. पाण्याचं पत्रक, बंद केलेल्या एसटीचं पत्रक, नदीत घाण सोडणाऱ्या फार्महाऊसचं पत्रक. वर अन्याय, मध्ये मागणी, खाली ठिकाण आणि वेळ. लिहायला मी तिथेच शिकले, त्यामुळे हेही तसंच झालंय. खरखरीत वाटलं तर वाटू दे.

आत्याने उमेदीची सगळी वर्षं रसायनीच्या एका कारखान्यात पॅकिंग केलं. कंत्राटी. पावडर पिंपात भरायची, पिंपाचं झाकण हाताने आवळायचं, पिंप लोटायचं. तिची कायम दुसरी पाळी, तीनला सुरू होणारी. बायकांना न्यायला कंत्राटदाराचा टेंपो आमच्या फाट्यावर दोन वाजता यायचा. टेंपो चुकला की खाडा. खाडे वाढले की जागेवर दुसरी बाई उभीच. पुढे कारखाना बंद पडला, टेंपो गेला, कंत्राटदार मेला. वाडीतल्या आजच्या पोरांना त्या टेंपोचा रंगही माहीत नाही.

आणि मग, त्या मंगळवारच्या आदल्या पावसाळ्यात कधीतरी, आत्या पुन्हा त्या टेंपोची वाट बघायला लागली.

तेव्हाचं सांगते. सकाळी ती ठीक असते. खरंच ठीक. अंगण झाडते, चहा करते, माझी वेणी बघून नाक मुरडते, "ही काय गं उंदराची शेपटी" म्हणते. मला नऊच्या रिक्षात बसवून मगच घरात जाते. तेव्हा कोणी आलं तर म्हणेल, अशी तब्येत आम्हालाही मिळो. दुपारचं जेवण झालं की मात्र तिच्या तोंडावरून काहीतरी उतरत जातं. डोळे तेच, पण त्यांतून बघणारी बाई वेगळी. ती उठते, डबा भरते. भाकरी असली तर भाकरी, नसली तर हाताला लागेल ते. एकदा मी डबा उघडला तर आत कपड्याच्या साबणाची वडी होती, नीट फडक्यात गुंडाळलेली. गॅस तसाच चालू, दार सताड उघडं, पदर खोचून बाई फाट्यावर. आणि फाट्यावर आता काय? शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्या, बाकीचे दिवस खडीचे डंपर. डंपरवाला काय बघतो?

वाडीतलं कोणीतरी बघायचं, हाताला धरून आणायचं. मला दुकानात फोन यायचा.

"आत्या, कुठे निघालीस?"

"कुठं म्हंजे? कामाला. तू नाय गेलीस कामाला?"

"कारखाना बंद झालाय."

"तुला काय म्हाईत? तू परवा जन्मलीस."

दर वेळी मी दुकान सोडून येत होते. मालक आधी गप्प राहिला, मग कुरकुरला, मग सरळ म्हणाला की एक काय ते ठरव.

मला एकच गोष्ट हवी होती. दुपारी बारापासून मी परत येईपर्यंत घरात तिच्याजवळ एक माणूस. बाकी काही नको.

तेवढ्यात कळलं की एक संस्था कर्जत आणि खालापूर तालुक्यांत गावोगाव फिरते आणि साठीच्या पुढच्या माणसांची ताकद आणि बुद्धी मोजते. चालण्याचा वेग, हाताची पकड, खुर्चीवरून उठबस, सांगितलेले शब्द लक्षात राहतात का, वार कोणता. मोजून झालं की माणूस तीनपैकी एका गटात जातो. सक्षम, काठावर, नाजूक. जो नाजूक ठरेल त्याच्या घरी रोज चार तास सांभाळायला एक बाई येणार, फुकट. मी हरखले. मोजण्याला माझा विरोध नाही, हे नीट ऐका. आमच्या नळाला पाणी किती वेळ येतं हे आम्ही मोजलं, म्हणून तर पंचायतीत आमचं कोणी ऐकून घेतलं. म्हातारपणही मोजा. जरूर मोजा. मीच वाडीतर्फे अर्ज करून त्या लोकांना बोलावलं.

आता आमच्या वाडीची एक रीत सांगते. ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या विहारात मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. वाडीतलं कोणीही परीक्षेला निघालं, मग ती चौथीची असो नाहीतर तलाठ्याची, की त्याने आधी विहारात यायचं. कोणीतरी हातावर साखर ठेवतं. बाहेरच्या फळ्यावर वार, तारीख आणि परीक्षेचं नाव लिहिलं जातं. निकाल लागला की त्याच फळ्यावर नाव, आणि नावापुढे 'पास'. नापासाचं नाव लिहीत नाहीत. ज्यांच्या आज्या-आजोबांना शाळेच्या पायरीवर बसू दिलं नाही, ती माणसं परीक्षेला अशीच वागणार. मला या रीतीचा अभिमान होता. अजून आहे.

पण ती रीत म्हाताऱ्यांच्या या चाचणीलाही लागू झाली. चाचणी येणार म्हटल्यावर पोरांनी अभ्यासिकेत म्हाताऱ्यांचा वर्ग काढला. विहारातली प्लॅस्टिकची खुर्ची आणून उठबशा सुरू. विचारली तर म्हणून पाटीवर घड्याळाची चित्रं काढून घेतली. ज्या बाया साक्षरता वर्गात सही शिकून थांबल्या होत्या, त्या चष्मे शोधायला लागल्या. मी दुकानातून आले की ओरडत सुटायचे, "अरे, ही पास व्हायची परीक्षा नाही! जसे आहात तसे जा!"

"जशी हाय तशी?" आत्या म्हणाली. ती सकाळची वेळ होती, म्हणून तिचं डोकं चाकूसारखं चालत होतं. "जशी हाय तशी जाऊन कोण पास झालंय आजवर?"

"पास झालीस तर बाई मिळणार नाही, आत्या."

"कसली बाई?"

"तुला सांभाळायला."

"मला? मी काय येडी हाय का गं?" ती खरोखर दुखावली. "मला सांभाळायला बाई कशापायी? मी तुला सांभाळली ती कोन होती?"

सकाळच्या आत्याला दुपारची आत्या माहीतच नाही. तिला सांगावं तर ती म्हणणार तू माझ्यावर आळ घेतेस. म्हणून मी गप्प बसले. म्हटलं, मोजणारी माणसं शिकलेली आहेत, यंत्रं घेऊन येताहेत. त्यांना कळेल.

त्यांना काय कळलं ते आता सांगते.

मंगळवारी दहाला त्यांची गाडी आली. एक मोजणारी ताई, माझ्याच वयाची, पनवेलकडची. तिच्यावरचे एक सर, गळ्यात ओळखपत्र. सभागृहात सतरंजी, समोर टेबल, जमिनीवर चिकटपट्टी लावून चार मीटर आखलेले. भिंतीला टेकून सगळी वाडी. कारण परीक्षा. फळ्यावर पोरांनी रंगीत खडूने लिहिलेलं: आजचा वार, आजची तारीख, आणि खाली 'ज्येष्ठांना शुभेच्छा'.

आत्या पांढरं लुगडं नेसून आली. हे लुगडं बुद्धपौर्णिमेला नेसून ती कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत चढायची, तेच. तिच्या हातावर साखर ठेवली गेली.

ताईने विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

आत्याने मान वळवली, फळा वाचला, आणि खणखणीत आवाजात सांगितलं. वाचता येतं याचा तिला आनंद झाला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने बरोबरची खूण केली.

मी म्हटलं, "अहो, तिने वाचून सांगितलं."

"प्लीज, मध्ये बोलू नका," सर म्हणाले.

मग पकड. हातात दाबायचं एक यंत्र दिलं. "जोरात दाबा आजी, जेवढं जमेल तेवढं." आत्याने यंत्राकडे बघितलं, हात पदराला पुसला आणि पिंपाचं झाकण आवळावं तसं आवळलं. ओठ घट्ट, मान खाली. आकडा बघून ताई म्हणाली, "बापरे." आयुष्यभर झाकणं आवळलेला हात तो. सगळं विसरल्यावरही तो आवळणार. पण यंत्राला कुठे माहीत?

मग चालणं. या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत, नेहमीच्या चालीने. आत्या उभी राहिली आणि जरा घुटमळली. मला वाटलं, आता दिसेल. आता त्यांना दिसेल. तेवढ्यात भिंतीजवळून मामा ओरडला. मामा म्हणजे वाडीतला सगळ्यात थट्टेखोर म्हातारा, सगळ्यांचाच मामा.

"आत्याबाय, टेंपो आला गं! पळ, खाडा पडंल!"

सगळे हसले. आत्या हसली नाही. ती निघाली. पायांत चाकं बसवल्यासारखी निघाली. दुसऱ्या पट्टीवर थांबलीसुद्धा नाही, दारापर्यंत गेली आणि दारातून रस्त्याकडे बघायला लागली. ताईने थांबवायचं घड्याळ दाबलं आणि कौतुकाने मान हलवली.

मी पुढे झाले. "ताई, ती खरंच टेंपो बघतेय. बघा तिच्याकडे. अहो, तिच्या तोंडाकडे बघा जरा!"

"तुम्ही असंच बोलत राहिलात तर यांची चाचणी बाद करावी लागेल," सर म्हणाले. आवाज शांत. "घरच्यांनी प्रभाव टाकायचा नसतो."

प्रभाव! अख्खी वाडी टाळ्या वाजवत होती, मामा हाळ्या देत होता, फळा उत्तरं सांगत होता, आणि प्रभाव मी टाकत होते.

शेवटी शब्द. तीन शब्द सांगणार, थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारणार. ताई म्हणाली, "नीट ऐका आजी. चाफा. कपाट..."

"पूल," आत्या म्हणाली.

ताईने तिसरा शब्द अजून तोंडातून काढलाच नव्हता.

सभागृह हसून लोळलं. ताईही हसली. सरांनी मोबाईलमधून डोकं वर काढलं, "काय झालं?", आणि परत खाली घातलं. नंतर विचारल्यावर आत्याने तिन्ही शब्द घडाघडा म्हटले, दोनदा म्हटले. रकान्यात जे भरायचं ते भरलं गेलं.

हे शब्द कुठून आले ते मला त्याच दिवशी कळलं. आत्याची एक मैत्रीण आहे, मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते. कारखान्यात दोघी एका टेबलाला होत्या. खाला राहते खालापूरकडे, चौक गावाच्या पुढे. रोज सकाळी दोघी फोनवर बोलतात. तिच्या गावात हीच मंडळी आधीच्या आठवड्यात येऊन गेली होती. शब्द तेच. प्रत्येक गावात तेच तीन शब्द. खालाने ते आत्याला पाठ करून दिले होते, कारखान्यात नव्या बाईला काम दाखवून द्यावं तसे. एकमेकींना सांभाळून घ्यायची सवय दोघींना तिथेच लागलेली. माझा तिच्यावर राग नाही. राग कोणावर आहे ते तुम्हाला कळलं असेल.

अकराच्या आत आत्या सक्षम ठरली. हातात एक छोटं कार्ड, वर नाव, माझा फोन नंबर आणि 'सक्षम'. पोरांनी फळ्यावर तिचं नाव लिहिलं, पुढे 'पास'. जन्मात पहिल्यांदा. ती फळ्यासमोर उभी राहून स्वतःचं नाव वाचत होती. मी तिला काय बोलणार होते? सांगा ना, काय बोलणार होते?

त्याच दुपारी तिने डबा भरला. कार्ड पिशवीत ठेवलं, गेटवर दाखवायला लागेल म्हणून. मी सुट्टी घेतली होती, मी दारात आडवी उभी राहिले. तिने मला ओळखलं नाही. "बाजूला हो गं बाय," ती म्हणाली, परक्या बाईला म्हणतात तसं, अगदी सभ्यपणे. "तुझ्यापायी माझा खाडा पडंल."

मोजणारी गाडी तोवर पुढच्या गावाला गेली होती.

मी भांडले. भांडण्यात मी कमी पडले असं कोणी म्हणू नये. खालापूरला त्यांच्या कार्यालयात गेले. सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. फळा, टेंपो, तिसरा शब्द, दुपार.

"ताई, खरं तर तुम्हाला आनंद व्हायला हवा," ते म्हणाले. "आमच्याकडे अशी माणसं आहेत की ज्यांना अंथरुणात कूस बदलता येत नाही. बायका मोजक्या आहेत. तुमच्या आत्यांना घेतलं तर त्यांतल्या कोणाला वगळू, सांगा."

हे खरं होतं. म्हणूनच मला जास्त चीड आली.

"कोणाला वगळू नका. फक्त पुन्हा मोजा. आमच्या घरी या, दुपारी अडीचला."

"फेरमोजणी वर्षाने. आणि दुपारी टीम नसते. सकाळी फिरायचं, दुपारी इथे बसून सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं, अशी पद्धत आहे."

"म्हणजे जी माणसं दुपारी ढासळतात ती तुमच्या हिशेबात कधी ढासळतच नाहीत?"

त्यांनी पुढची फाईल उघडली. बाहेर पडताना मोजणारी ताई जिन्यात भेटली. तिने माझा हात धरला. "मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तिसरा शब्द मी बोललेच नव्हते. पण मला दोनच पर्याय असतात, आठवला किंवा नाही आठवला. माझ्या बोलण्याआधीच आठवला, असं कुठे लिहू?"

"सरांना सांगायचं होतंस."

"सांगितलं. ते म्हणाले, हुशार आहेत आजी."

परत येताना मी खालाकडे उतरले. ती ओट्यावर बसून गुडघा चोळत होती. तिलाही चाचणीत सक्षम ठरवलं होतं.

"अगं, मी पण पास ना," ती म्हणाली. "आता सून बोलते, अम्मी, तुम्ही तर पास झालात, मग हंडा तुम्हीच आणा की!" ती हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "मला काय माहीत गं, नापास झाल्यावर भेटतं ते. आपल्याला कधी नापास झाल्यावर काय भेटलंय?"

मग कुलूप. हो, मी कुलूप लावलं. लिहिते, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणी लावतात आणि बोलत नाहीत. दुपारी शेजारची कोणी बघणार नव्हती, जो तो कामाला, मागे उरायचे ते म्हातारे. मी गॅसची टाकी बंद करून, जेवण झाकून, बाहेरून कुलूप लावून कामाला जायला लागले. संध्याकाळी आले की ती खिडकीच्या गजाला धरून उभी. डब्याची पिशवी खांद्याला. घसा बसलेला. मामाने सांगितलं की ती दुपारभर हाका मारते, "दार उघडा गं, टेंपो निघाला." ज्याने चाचणीत थट्टा केली होती तोच. आता थट्टेचं नावही काढत नव्हता. "आमाला ऐकवत नाय गं," तो म्हणाला. "कायतरी कर."

काय करू? तुम्ही सांगा, काय करू?

एका दुपारी त्यालाच ऐकवलं नाही. त्याने माझ्या दाराची कडी उचकटली, तिला बाहेर काढलं, ओट्यावर बसवलं, पाणी आणायला वळला. पाणी घेऊन येईपर्यंत ओटा रिकामा.

फाट्यावर त्या दिवशी खरंच टेंपो उभा होता. लग्नाच्या हॉलवर वाढपाला जाणाऱ्या बायकांचा. हातात पिशवी घेतलेली म्हातारी बघून त्यांनी सरकून जागा केली. कुठे जायचं विचारलं, तर तिने रसायनी सांगितलं, न अडखळता. चौकच्या फाट्यावर त्यांनी तिला उतरवलं आणि रसायनीकडे जाणाऱ्या दुसऱ्या गाडीत बसवून दिलं. भल्या बायका होत्या. घरचा हातपंप सापडत नसलेली माझी आत्या दोन गाड्या बदलून बरोबर तिच्या कारखान्याच्या गेटवर पोचली. उतरताना पायरी उंच होती. ती पडली.

मला फोन आला तो गेटवरच्या वॉचमनचा. आता तिथे कुठल्या तरी कंपनीचं गोदाम आहे. त्याला पिशवीत कार्ड सापडलं होतं. "मॅडम, इथे एक आजी पडलीय, उठता येत नाही. कार्डावर 'सक्षम' लिहिलंय. ही तुमचीच का?"

माझीच.

मी पोचले तेव्हा ती गेटच्या सावलीत आडवी होती, डोक्याखाली त्याची घडी केलेली गोणी. पाय विचित्र वळलेला. मला बघून तिला हायसं वाटलं, पण मी कोण हे तिला माहीत नव्हतं. "पंचिंग झालं का गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "झालं. तुझी पण हजेरी लागली." तेव्हा तिने डोळे मिटले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. ती चालणार नाही असं सांगितलं, आणि ती चालली नाही.

या फेब्रुवारीत मोजणारे पुन्हा आले. आता घरी आले, कारण ती विहारात जाऊ शकत नव्हती. सकाळीच आले. खाटेजवळ उभं राहून मोजायचं फारसं काही उरलं नव्हतं. सरांनी पाच मिनिटांत 'नाजूक' लिहिलं. माझ्या नजरेला नजर दिली नाही, एवढं त्यांच्याबद्दल म्हणते. आणि बाई मंजूर झाली. वर्षभर मी जिच्यासाठी हातापाया पडत होते ती बाई आमच्या घरी यायला लागली. चांगली आहे. आत्याला पुसते, भरवते, कूस बदलते, तिच्याशी गप्पा मारते. तिच्या वेळा मात्र ठरलेल्या: सकाळी नऊ ते दुपारी एक.

आत्या सकाळी तिला म्हणते, "एवढं काय करत बसलीस, मी काय आजारी हाय का?" सकाळची आत्या अजून आहे तशीच आहे. मोडलेल्या हाडासकट धडधाकट.

एक वाजता बाई जाते. दोन वाजता आत्या उठायला लागते. चालता येत नाही हे तिला दुपारी आठवत नाही. ती खाटेच्या कडेला सरकते. ऑपरेशननंतर एकदा अशीच पडली, टाके उसवले. आता मी दुकान सोडलंय. घरी बसून पत्रकांचा मजकूर लावून देते, जी काही येतात ती. दोन वाजले की काम बाजूला ठेवते आणि तिच्या खाटेवर बसते, तिच्या आणि दाराच्या मध्ये. ती माझ्या मनगटाला धरते. पकड अजून तीच आहे, पिंपाची. तिथे निळे डाग पडतात. "सोड गं बाय," ती म्हणते, सोडत ती नसते. साडेपाच-सहापर्यंत हे चालतं. मग ती थकते. तिच्या आधी मी थकलेली असते. अशा वेळी माझ्या मनात काय काय येतं ते मी लिहिणार नाही. पण येतं. हे लिहिताना सुद्धा एक कान तिच्याकडे आहे.

मी अर्ज दिलाय की बाईची वेळ बदला, बारा ते चार करा. उत्तर आलं की वेळा सगळ्या लाभार्थ्यांना समान आहेत.

आता मागणी. ती तुमच्याकडे आहे, सरांकडे करून झाली.

तुमच्या गावात ही मंडळी येतील. कर्जतमध्ये, खालापुरात, कुठेही. तुमच्या म्हाताऱ्यांना साखर देऊ नका, टाळ्या वाजवू नका, शब्द पाठ करून घेऊ नका. फळा पुसा. मोजणारे विहारात, मशिदीसमोर, पंचायतीत टेबल मांडून बसले असतील तर ते टेबल उचला. ज्या म्हातारीचा प्रश्न आहे तिच्या घरी त्यांना न्या, आणि ती ज्या वेळेला स्वतःची राहत नाही त्या वेळेपर्यंत तिथून हलू देऊ नका. जेवण घाला, चहा द्या, गाडी निघते म्हणाले तर गाडीपुढे बसा. ती वेळ कोणती हे त्यांना माहीत नाही. तुम्हालाही माहीत नसेल, तर आज कामाला जाऊ नका. घरी थांबा, तिच्याजवळ बसा, आणि बघा.

आणि तुमच्यापैकी जो कोणी आमच्या फाट्याच्या आसपास राहतो, त्याच्याकडे आणखी एक मागणी. वाडीतलं शेवटचं घर. दार उघडं असतं. दोन वाजता या, आणि एक तास तिचा हात तुमच्या हातात घ्या. मला झोपायचं आहे.